आल्डरच्या काठीचे तीन तुकडे

या इकडे. पुष्कर, तू या अंगाला. ऋजुता, तू त्या अंगाला. देवाने मला दोन कुशी दिल्यात, एक डावी आणि एक उजवी, तेव्हा आजीशेजारी कोण झोपणार हे भांडण इथंच संपलं. काय म्हणालीस? दादाशी कट्टी आहे? असू दे. कट्टीवाल्यांनाही गोष्ट ऐकता येते. कान ज्याचे त्याचे वेगळे असतात.

आज आपल्याला लांब जायचंय. थेट युरोपात, फ्रँक नावाच्या लोकांच्या मुलखात, आणि तेही खूप खूप वर्षांपूर्वीच्या. तुमचे आजोबा शाळेत इतिहास शिकवायचे. या लोकांची एक रीत त्यांनी मला सांगितली होती. ती रीत तेवढी त्यांची, बाकीची गोष्ट माझी. त्यामुळे मध्येच, 'आजी, हे खरंच झालं होतं का?' असं विचारायचं नाही. डोळे मिटून ऐकायचं.

तर एक होता सरदार. त्याचं नाव फोल्कमार. मोठा उमदा माणूस. लांब केस, पिवळी दाढी, कमरेला रुंद पट्टा, आणि आवाज असा की तो शिंकला तर तबेल्यातले घोडे खिंकाळायचे. नदीच्या वरच्या अंगाला त्याचं लाकडाचं मोठं घर होतं. घराच्या मधोमध चूल, चुलीभोवती सगळं घर. आणि घरात कोण कोण? एक म्हातारी आई, तिचं नाव आडा. तिला जवळचं दिसत नव्हतं आणि लांबचंही फारसं दिसत नव्हतं. बायको रोटलिंड, शांत आणि शहाणी. आणि तीन मुलं. थोरली दोघं चांगली उंच झाली होती. धाकटी ओडा मात्र अजून बापाच्या गुडघ्याएवढीच होती. बाप घरी आला की ती त्याच्या बुटावर बसायची, पायाला मिठी मारायची, आणि फोल्कमार तिला तसाच पायावर घेऊन घरभर चालायचा. सरदार असला म्हणून काय झालं, ओडापुढे तो घोडाच.

फोल्कमारला एक धाकटा भाऊ होता, गेरबाल्ट. ओढ्यापलीकडे त्याचं घर. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे जेवायला इकडेच. भाऊ चांगला होता, बरं का, पण थट्टेखोर. कुठं हसावं आणि कुठं गप्प बसावं हे त्याला कळायचं नाही. आणि फोल्कमारला काय कळायचं नाही? राग आला की थांबावं कुठं, ते. एकाला हसू आवरायचं नाही, दुसऱ्याला राग. आपल्याकडे म्हणतात ना, घरोघरी मातीच्या चुली. तिकडेही मातीच्याच होत्या.

मग एकदा काय झालं, दोघं भाऊ शिकारीला गेले आणि त्यांनी एक भलं मोठं रानडुक्कर मारलं. घरी मेजवानी झाली. आता त्यांच्यात असं होतं की डुकराचं डोकं ताटात घालून आणायचं आणि घरातल्या थोरल्यापुढे ठेवायचं. मानाचं ताट ते. आपल्याकडे लग्नात मानाचा नारळ कुणाच्या हातात पडला यावरून व्याही महिनाभर फुगून बसतात. मानपान हा काही आपलाच मक्ता नाही.

ताट आणायचा मान म्हातारीचा. आडा ताट घेऊन आली. धूर कोंडलेला, नजर अधू, दोन्ही मुलगे सारखेच धिप्पाड, दोघांच्या दाढ्या पिवळ्या. तिनं ताट ठेवलं ते नेमकं धाकट्यापुढे.

 आता गेरबाल्टनं काय करावं? ताट उचलून भावापुढे सरकवावं. गोष्ट तिथंच संपली असती आणि तुम्ही आत्ता घोरत असता. पण तो हसला. म्हणाला, "दादा, आईला कळतं हो डोकं कुणाकडे आहे ते."

झालं. फोल्कमार उठला तो ताडकन. चेहरा लालबुंद झाला होता. म्हातारी म्हणाली, "अरे बाळा, मला दिसलं नाही." पण तो ऐकायला तयार नव्हता. म्हणाला, "ज्या घरात माझा मान नाही, त्या रक्ताशी माझं नातं नाही. उद्या सभेत जाऊन काठी मोडतो."

आता ही काठी मोडणं म्हणजे काय, ते सांगते. तीच ती आजोबांनी सांगितलेली रीत. तिकडे ओढ्याकाठी आल्डर नावाचं झाड वाढतं. त्याची गंमत अशी की फांदी तोडली की आतलं लाकूड आधी पांढरं दिसतं, आणि मग हळूहळू लाल होतं, जसं काही झाडाला रक्तच आहे. फ्रँक माणसाला आपल्या कुळाशी संबंध तोडायचा असला तर त्यानं सभेत उभं राहायचं, आल्डरची काठी डोक्यावर धरायची, मोडायची आणि तुकडे चहूकडे फेकायचे. आणि सगळ्यांसमोर बोलायचं, की आजपासून हे माझे कुणी नाहीत आणि मी यांचा कुणी नाही. मोठ्या माणसांची कट्टीच म्हण ना, पुष्कर.

त्या रात्री रोटलिंडनं त्याचा हात धरला. ती म्हणाली, "अहो, एका भावावरचा राग आहे तो. चार दिवसांनी उतरेल. काठीला डोळे नसतात, ती माणूस बघून तुटत नाही."

तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी मोठ्या ओकच्या झाडाखाली सभा भरली. सभेचा मुख्य एक म्हातारा होता. त्यानं फोल्कमारला नीट विचारलं, "फक्त भावाशी तोडायचं असेल तर आमच्याकडे तशी काठी नाही. तुटलं तर सगळ्यांशी तुटतं. विचार केलास का?"

फोल्कमार म्हणाला, "केलाय." केला नव्हता. रागावलेला माणूस विचार केलाय असं म्हणतो ना, तेव्हा समजायचं की केलेला नाही.

मग त्यानं आल्डरची काठी डोक्यावर धरली आणि काडकन मोडली. तीन तुकडे झाले. एक तुकडा त्यानं फेकला नदीकडे. दुसरा फेकला रानाकडे. आणि तिसरा, न बघताच, खांद्यावरून पाठीमागे. मागे कुणीतरी 'आई गं' म्हणालं, पण तो वळला नाही. ताठ मानेनं घोड्यावर बसला आणि घरी निघाला. छाती अशी पुढे, जणू काही लढाईच जिंकलीय.

घर जवळ आलं. अंगणात त्याचा कुत्रा होता. रोज लांबून धावत यायचा. आज तो दात काढून गुरगुरला. फोल्कमारला वाटलं, कुत्रा म्हातारा झालाय. मग त्यानं दार वाजवलं. दार रोटलिंडनं उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या पाहुणे. कुठून आलात?"

तो हसला. म्हणाला, "पुरे झाली थट्टा." पण ती हसली नाही. तिनं पाहुण्याला देतात तसं हात धुवायला पाणी दिलं. जवाची पेज दिली, पण पाहुण्याच्या वाडग्यात. त्याचा स्वतःचा वाडगा खुंटीवर होता, तो कुणाचा आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चेहरा चांगला आहे हो. कुणाचा मुलगा तू?" थोरली दोघं मुलं अदबीनं लांब उभी राहिली.

मग फोल्कमार घाबरला. त्यानं ओडाला हाक मारली आणि पाय पुढे केला, बूट दाखवला. ये, बस म्हणाला. ओडा आईच्या मागे लपली आणि रडायला लागली.

तो ओरडला, "अगं, मी तुझा बाप आहे." आवाज केवढा, ते सांगितलंच मघाशी. ओडा आणखीच रडली. तेव्हा रोटलिंड म्हणाली, "पाहुणे, आमच्या घरात पोरांवर ओरडत नाहीत. तुमचं अंथरूण तबेल्यात घातलंय."

असं झालं बघा. एका ताटावरून काठी मोडली, आणि काठीनं भाऊ तर नेलाच, आई नेली, बायको नेली, मुलं नेली आणि कुत्रासुद्धा नेला. सगळे त्याला विसरले. तो मात्र कुणालाच विसरला नाही. तोडणाऱ्याला सगळं आठवत राहतं, हीच खरी शिक्षा. त्या रात्री सरदार फोल्कमार गवतात तोंड खुपसून रडला. घोड्यांनी बघितलं, पण घोडे कुणाला सांगत नाहीत.

सकाळी तो धावत सभेच्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हणाला, "काठी मोडायची रीत आहे, तशी जोडायची सांगा."

म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "तशी रीतच नाही रे. आमच्या वाडवडिलांनी तोडायचं ठरवलं, जोडायचं ठरवायला विसरले." बघा, किती मोठी चूक. आपल्याकडे लहान पोरांनासुद्धा कळतं की कट्टी केली तर बट्टीही हवी. पण म्हातारा पुढे म्हणाला, "तरी एक सांगतो. आल्डर आतून लाल आहे तोवर जिवंत आहे. काठीची लाली उतरायच्या आत तिन्ही तुकडे घरी ने. पुढचं मला ठाऊक नाही."

मग फोल्कमार भाला घेऊन निघाला. आधी कुठं गेला? नदीकडे.

नदीच्या काठाकाठानं तो खूप चालला. शेवटी एका वळणावर त्याला बीव्हरचं घर दिसलं. बीव्हर म्हणजे पाण्यात राहणारा, चपट्या शेपटीचा, मोठ्या दातांचा प्राणी. फांद्या कुरतडतो आणि नदीत त्यांचं घर बांधतो. त्या घराच्या भिंतीत, अगदी तळाशी, त्याला आपला लाल तुकडा दिसला. त्यानं तो धरला आणि ओढला. सरदार ना तो, विचारायची सवय कुठली? त्याबरोबर भिंतीला भगदाड पडलं, पाणी भसाभस आत शिरलं आणि आतली पिल्लं चीं चीं करायला लागली.

पिल्लांची आई बाहेर आली. म्हणाली, "माझं घर फोडलंस. तुझं असं कुणी फोडलं तर?"

 फोल्कमारनं अंगावरचा लोकरीचा झगा काढला, सोन्याच्या काठाचा, राजाच्या दरबारात घालायचा. तो भगदाडात कोंबला. तरी पाणी थांबेना. मग तो स्वतः थंडगार पाण्यात बसला आणि भगदाडाला पाठ लावली. दात कडकड वाजत होते, तरी हलला नाही. बीव्हरनं नवी फांदी कुरतडून आणली, चिखल आणला, भिंत लिंपली. तोवर संध्याकाळ झाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाचं तरी घर धरून ठेवलं होतं. बीव्हर म्हणाली, "जा आता. तुकडा तुझा, झगा माझ्या पिल्लांचा."

एक तुकडा झाला. ऋजुता, ऐकतेयस ना? की डोळे उघडे ठेवून झोपलीस?

मग तो गेला रानाकडे. रान कसं, दाट. दिवसासुद्धा अंधार. शोधता शोधता एका ओकच्या बुंध्याशी त्याला पानांचं अंथरूण दिसलं. त्यावर एक रानडुकरीण पडली होती, अंगाखाली सात-आठ पिल्लं. आणि लाल तुकडा तिच्या पुढच्या पायाखाली. फोल्कमारचा हात आपोआप भाल्याकडे गेला.

डुकरीण म्हणाली, "मार. माझ्या धन्याला मारलंस तसं मलाही मार."

भाला तसाच राहिला. तो म्हणाला, "तुझा धनी?"

ती म्हणाली, "मोठा होता. उजवा कान फाटका होता. तुमच्या घरी त्याचं डोकं मानानं ताटात ठेवलं म्हणे. कुणी खाल्लं?"

फोल्कमारनं मान खाली घातली.  ते डोकं कुणीच खाल्लं नव्हतं. भांडणात ते थंड झालं आणि सकाळी कुत्र्यांनी ओढून नेलं. तो हळूच म्हणाला, "कुणीच नाही."

डुकरीण म्हणाली, "कुणीच नाही?" एवढंच म्हणाली ती.  कधी कधी समोरचा शिव्या देत नाही ना, ते फार लागतं.

मग फोल्कमारनं भाला गुडघ्यावर ठेवून मोडला, आणि म्हणाला, "या ओकपासून त्या टेकडीपर्यंत आजपासून कुणी शिकार करणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि माझी मुलं मला ओळखायला लागली तर त्यांनाही सांगीन." डुकरिणीनं पाय उचलला. तुकड्याची लाली फिकी व्हायला लागली होती. त्यानं तो छातीशी धरला आणि पळत सुटला.

राहिला तिसरा. तिसरा कुठं होता? त्यानं तर बघितलंच नव्हतं. सभेच्या ओकमागे त्यानं गवत विंचरलं, दगड उलटले, झुडपं पालथी घातली. तुकडा कुठंच नव्हता. जवळचे दोन तुकडे फिके पडत चालले होते. अजून थोडा वेळ, मग ते नुसतं जळण. फोल्कमार हताश होऊन ओढ्यावर पाणी प्यायला गेला.

ओढ्याकाठी कोण बसलं होतं? गेरबाल्ट. कपाळाला फडकं बांधलेलं. हातात काठीचा तुकडा, आणि तो तुकडा लालभडक, जसा आत्ताच तोडलाय. गेरबाल्ट तो सारखा ओढ्यात बुडवत होता. बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा.

फोल्कमार त्याच्याजवळ बसला. गेरबाल्टनं त्याला ओळखलं नाही. म्हणाला, "पाणी प्या, पाहुणे. थंड आहे."

"हे काय करताय?" फोल्कमारनं विचारलं.

"काय की," गेरबाल्ट म्हणाला. "त्या दिवशी मी धावत सभेला गेलो होतो. कुणाला तरी काही तरी सांगायचं होतं. फार महत्त्वाचं होतं. तेवढ्यात ही काठी कपाळावर बसली, आणि कुणाला सांगायचं होतं तेच आठवेना. काय सांगायचं तेही आठवेना. पण ही सुकू द्यावीशी वाटत नाही. म्हणून भिजवत बसलोय."

 फोल्कमारला कळलं. भाऊ माफी मागायला येत होता, आणि आपण बघितलंसुद्धा नाही. मागे 'आई गं' म्हणणारा हाच. ज्याच्याशी तोडलं, तोच एकटा ते नातं ओलं ठेवून बसला होता.

आता माफी मागायची तरी कशी? समोरच्याला अपराधच आठवत नाही. मग फोल्कमारनं त्याला सगळी गोष्ट सांगितली, परक्याला सांगावी तशी. एक सरदार होता, त्याचा एक भाऊ होता, एक ताट होतं, एक अधू नजरेची आई होती. काही लपवलं नाही. स्वतःची बाजू जड करून सांगितली नाही. शेवटी म्हणाला, "तो थोरला मूर्ख होता. आणि तो थोरला मी आहे. माझं चुकलं."

गेरबाल्टनं तुकडा पाण्यातून बाहेर काढला. म्हणाला, "धाकटाही कमी मूर्ख नाही. ताट सरकवायचं सोडून हसला कशाला?" असं म्हणून त्यानं हातातला तुकडा फोल्कमारच्या हातात दिला. दोघांची बोटं तुकड्याला लागली, आणि गेरबाल्ट त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग कपाळावरच्या फडक्याला हात लावत म्हणाला, "दादा, केवढ्या जोरात मारलंस रे."

मग दोघं भाऊ रडले. हसलेही. आणि मग धावत घरी निघाले, कारण लाली उतरत चालली होती.

घरी सगळे अजून तसेच. कुत्रा गुरगुरला. रोटलिंड गेरबाल्टला म्हणाली, "भाऊजी, या पाहुण्यांना परत घेऊन आलात?" फोल्कमारनं तिन्ही तुकडे काढले. दोरीनं बांधून बघितले, सुटले. डिंकानं चिकटवून बघितले, निखळले. धातूची कडी आवळली, तर लाकूड चिरायला लागलं.

म्हातारी आडा दारात बसून कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "काय खुडबूड चाललीय?" तिनं तुकडे हातात घेतले, बोटांनी चाचपले, वास घेतला. आणि म्हणाली, "अरे, हा तर आल्डर. वेडे कुठले. मोडलेला आल्डर कुणी बांधतं का? तो ओल्या मातीत लावायचा. पाणी घालायचं. मग तो आपलं आपण बघतो."

एवढंच होतं. सभेला ठाऊक नव्हतं, म्हातारीला ठाऊक होतं. अंगणात ओढ्याचं पाणी झिरपायचं तिथं दोघा भावांनी तीन खड्डे केले आणि तुकडे लावले. आणि मग? मग काही झालं नाही. झाड लगेच उगवतं का कुठं? फोल्कमार तबेल्यात राहिला, पाहुणा म्हणून. सकाळी पाणी घालायचा, संध्याकाळी पाणी घालायचा. मध्ये लाकडं फोडायचा, छपराचं गवत बदलायचा. आवाज त्यानं अगदी खाली आणला होता. ओडा लांबून बघायची. तो तिला हाक मारायचा नाही. बघू द्यायचा.

मग एके सकाळी पहिल्या तुकड्याला पान फुटलं. कुत्रा धावत आला आणि त्याच्या अंगावर उड्या मारायला लागला.

मग काही दिवसांनी दुसऱ्या तुकड्याला पान फुटलं. रोटलिंड पाण्याची घागर घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. घागर खाली ठेवली. म्हणाली, "अहो, तुम्ही तबेल्यात काय करताय?" आणि मग तिला सगळं आठवलं, आणि ती इतकी रागावली, इतकी रडली, की विचारू नका. थोरली मुलं 'बाबा' म्हणत आली. म्हातारीनं पुन्हा तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "मला वाटलंच. असलं नाक माझ्याच मुलाचं."

पण तिसरा तुकडा तसाच उभा. ना पान, ना कोंब. आणि ओडा तशीच लांब. सगळ्यांनी तिला सांगितलं, अगं हे तुझे बाबा. ती मान हलवून नाही म्हणायची. सांगून कुणी कुणाचा बाप होतो का? फोल्कमार आता घरात झोपायचा, स्वतःच्या वाडग्यात जेवायचा, पण जेवण त्याला गोड लागायचं नाही. बूट काढायच्या आधी तो थोडा वेळ पाय पुढे करून बसायचा. कुणी बसायला यायचं नाही. मग बूट काढायचा.

असं करता करता पुन्हा मेजवानीचा दिवस आला. या वेळी शिकार नव्हती. मधाची मोठी गोल भाकरी केली होती, वर सफरचंदं लावलेली. घरभर वास सुटला. म्हातारी ताट घेऊन आली, आणि मध्येच थांबली. पोळलं होतं ना मागे. म्हणाली, "मला दिसत नाही बाबांनो. कुणापुढे ठेवू ते आधी सांगा."

फोल्कमार म्हणाला, "गेरबाल्टपुढे."

गेरबाल्ट म्हणाला, "दादापुढे."

म्हातारीनं ताट थोरल्यापुढे ठेवलं. थोरल्यानं ते धाकट्याकडे सरकवलं. धाकट्यानं परत सरकवलं. ताट इकडून तिकडे, तिकडून इकडे. भाकरी गार व्हायला लागली. कुणी हसायचं धाडस करीना, कारण मागच्या वेळी हसण्यानंच घोटाळा झाला होता.

ओडा टेबलाखाली होती. तिला आला राग. घरातला राग कुणाकडून तरी यायचाच. ती वर आली, दोघांच्या मध्ये घुसली, ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं, आणि फोल्कमारकडे बघून म्हणाली, "बाबा, मला कापून द्या."

सगळं घर तिच्याकडे बघायला लागलं. ओडाला कळेना सगळे असे का बघतायत. तिला भूक लागली होती. ती पुन्हा म्हणाली, "बाबा, सफरचंदाचा मोठा तुकडा."

फोल्कमारनं सुरी उचलली. मग गेरबाल्टनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून भाकरी कापली. सगळ्यात मोठा तुकडा ओडाचा. तो तिनं कुठं बसून खाल्ला? बापाच्या बुटावर.

सकाळी अंगणात जाऊन बघतात तर तिसऱ्या तुकड्याला एक नाही, दोन पानं. तिथं पुढे तीन मोठी झाडं झाली. त्यांच्या सावलीत कुत्रा झोपायचा, ओडा खेळायची. आणि म्हणे त्या गावानं सभेत नवी रीत केली. कुणी काठी मोडायला आला की त्याला आधी ही तीन झाडं दाखवायची आणि म्हणायचं, मोड बाबा, पण आधी खड्डे खणून ठेव. निम्मे लोक खणायच्या कंटाळ्यानंच घरी परत जायचे.

तर अशी त्यांची चूल पेटती राहिली, वाडगे भरलेले राहिले, आणि सगळे एकमेकांना नावानं हाका मारत सुखानं नांदले. संपली गोष्ट. आता दिवा घालवते. आणि हे बघा, अंधारात कुणी आपलं पांघरूण कुणाच्या अंगावर सरकवलं, तर ते मला काही दिसणार नाही. माझीही नजर हल्ली त्या म्हातारीसारखीच झालीय. झोपा आता.